रंगीत बिबट्या काढला तर सासूबाई म्हणाल्या, ही गोधडी का? मदत करा

मालाडची_मैना

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. दहिसरला माझ्या भावाकडे भाच्याच्या खोलीत एक भिंत रिकामी आहे, तिथे मुंबईतल्या प्राण्यांची पाच चित्रं फ्रेम करून लावायचं मी मोठ्या तोऱ्यात कबूल केलंय. बिबट्या, फ्लेमिंगो, खंड्या, शेकरू आणि ते मोठं काळं-निळं फुलपाखरू. साधे फोटोसारखे नकोत, मस्त भडक रंगीत हवेत, म्हणजे जांभळा बिबट्या वगैरे, पण बघणाऱ्याला बिबट्याच वाटला पाहिजे.

तर पहिला बिबट्या झाला. ए-थ्री कार्ट्रिज पेपर, कॅमलचे पोस्टर कलर. अंग राणी कलरमध्ये, सावलीला मोरपंखी, ठिपके पिवळे, पाठीमागे झाडी केशरी. तीन रविवार गेले त्यात. डायनिंग टेबलवर वाळत ठेवला होता आणि सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण हा वाघ आहे का गोधडी?" नवरा हसून हसून खाली बसला. राग आला, पण खोटं कशाला बोलू, त्यानंतर मला पण गोधडीच दिसायला लागलीय.

नक्की काय चुकतंय ते कळत नाहीये. सगळेच रंग ओरडतायत, नजर कुठे थांबतच नाही. ठिपके कापडावर छापल्यासारखे दिसतात. त्यात हा जुलै, कागद पापडासारखा फुगलाय. आणि चित्र मी इन्स्टावरचा एकाचा फोटो बघून काढलं, तसं चालतं का? ऑफिस अंधेरीला, शनिवार अर्धा दिवस, त्यामुळे कुठे जाऊन बघून काढायचं तर रविवारच हातात असतो.

तांबट_टुकटुक

ताई आधी एक शंका, तू नाकाच्या दोन्ही बाजूंनी डोळ्यापासून तोंडापर्यंत काळ्या रेघा ओढल्यायस का? फोटो टाकला नाहीस म्हणून विचारतोय, दहातले सात जण ओढतात. त्या अश्रूंच्या रेघा चित्त्याच्या. आणि चित्ता आपल्याकडून १९५२ मध्येच नामशेष जाहीर झाला, २०२२ मध्ये नामिबियातून आणून मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सोडलेत ते वेगळे. बोरिवलीच्या जंगलात फिरतो तो बिबट्या, त्याला रेघा नाहीत.

ठिपक्यांचं सांगतो. बिबट्याच्या अंगावर एकसारखे ठिपके नसतातच. तोंडावर, मानेवर बारीक भरीव टिकल्या, पाठीवर आणि कुशीला फुलं, म्हणजे तीन-चार तुटक डाग गोल करून बसलेले, आणि खाली पायांवर, पोटाकडे परत मोठे भरीव डाग. फुलाच्या आतली कातडी बाहेरच्यापेक्षा किंचित गडद असते, हे एकदा दिसलं की मग सगळीकडे दिसतं. फुलाच्या मध्ये टिंब काढू नकोस, टिंब काढलं की जग्वार झाला आणि भाच्याने शाळेत कुणाला सांगितलं तर तुझीच इज्जत जाईल. शिवाय फुलं अंगावरून वळतात, कुशीवरची गोल दिसतात पण पोटाच्या कडेला जाता जाता ती चपटी होतात, कारण तिथे अंग वळलेलं असतं. तुझे छापील वाटतायत ते बहुतेक याच्यामुळेच, सगळे समोरून बघितल्यासारखे गोल काढले असशील.

कानाच्या मागे काळं आणि मध्ये पांढरा डाग, हे विसरू नको, मागे वळून बघणारा बिबट्या काढलास तर तोच एक डाग सगळं चित्र उचलतो.

मालाडची_मैना

रेघा ओढल्यायत 🙈 आणि फुलं सगळी गोल. आणि प्रत्येकाच्या मध्ये टिंब. म्हणजे माझ्या एकाच प्राण्यात आफ्रिका, अमेरिका आणि बोरिवली तिन्ही आलं.

जुना_ब्रश

मैना बेटा, मी रिटायर्ड माणूस, पूर्वी लालबागला बोर्ड रंगवायचो, आता श्रावणापासून गणपतीच्या कारखान्यात आखणीला बसतो, म्हणजे डोळे. तेव्हा रंगाचं थोडं कळतं असं समज.

तुझ्या सासूबाई गोधडी म्हणाल्या ते मला मोठं पटलं, कारण चांगली गोधडी तू नीट बघ एकदा. माझी आई शिवायची. जुन्या लुगड्यांचे तुकडे, कुठला लाल कुठला हिरवा कुठला जांभळा, रंगाचा रंगाशी काही संबंध नाही, पण ती गडद इरकलीचे तुकडे कडेला लावायची आणि धोतराचे, विटक्या पातळांचे फिक्कट तुकडे मध्ये. लांबून बघितलं की मध्ये उजेड पडल्यासारखा वाटायचा. रंग कुठलाही असू दे, गडद-फिक्कट जागेवर बसलं पाहिजे, एवढंच आहे सगळं. तुझ्या चित्रात राणी, मोरपंखी आणि केशरी हे तिन्ही बहुतेक एकाच वजनाचे पडलेत म्हणून ते ओरडतायत.

विश्वास नसेल तर आत्ता मोबाईल घे, चित्राचा फोटो काढ आणि एडिटमध्ये जाऊन सगळा रंग काढून टाक, काळा-पांढरा कर. मग खऱ्या बिबट्याचा फोटो पण तसाच काळा-पांढरा कर आणि शेजारी ठेव. खऱ्यात पोट, हनुवटी, डोळ्याखालचा भाग पांढरा दिसेल, पाठ मधली राखाडी, डाग काळे. तुझ्यात सगळी एकच राखाडी चटणी दिसेल. पैज लावतो, चहाची.

आता उपाय. पॅलेटवर आहेत तेवढे रंग एका पट्टीवर फिक्कट ते गडद मांडायचे. लेमन यलो सगळ्यात फिक्कट, मग केशरी, मग राणी-क्रिमसन, मग जांभळा, शेवटी प्रशियन ब्लू, म्हणजे काळपट निळा. मोरपंखी फसवा आहे, पातळ लावला तर फिक्कटमध्ये आणि जाड लावला तर गडदमध्ये, त्याला विचारून घे तू कुणाकडून आहेस. जिथे खऱ्या बिबट्यात पांढरं आहे तिथे पिवळा, जिथे पिवळट आहे तिथे केशरी किंवा राणी, जिथे काळं तिथे प्रशियन ब्लू. तू ठिपके पिवळे केलेस तिथेच गाडी रुळावरून घसरली, डाग हा अंगापेक्षा गडदच हवा, तो तू सगळ्यात फिक्कट केलास.

डोळा शेवटी करायचा, सगळं अंग वाळल्यावर. बिबट्याची बाहुली गोल असते, मांजरासारखी उभी चीर नाही. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, ती वरची कड गडद कर म्हणजे डोळा खोबणीत बसतो, नाहीतर बाहेर चिकटवल्यासारखा दिसतो. चमक एकच, एका बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढी. नवीन पोरं दोन्ही डोळ्यांत मधोमध दोन मोठे पांढरे ठिपके देतात आणि मग मूर्ती पण घाबरलेली दिसते, हे मी दरवर्षी बघतो.

पाड्यावरची_पोर

टोनबिन, गडद-फिक्कट सगळं ठीक आहे काका, पण मला एक कळत नाही, फोटोसारखी सावली पाहिजेच कशाला? जनगढसिंह श्यामांचे गोंड आदिवासी शैलीतले प्राणी बघा. पाटणगढचा माणूस, १९८०च्या दशकात भोपाळला भारत भवनात आला, आणि त्याच्या हरणांमध्ये, पक्ष्यांमध्ये कुठे आहे सावली? अंगभर ठिपके, रेघा, लाल-पिवळे-हिरवे आणि तरी प्राणी असा जिवंत की आत्ता उठेल. आपल्याकडे वारली तर दोनच रंग, गेरूवर तांदळाच्या पिठाचं पांढरं. जिव्या सोमा मशेंना त्याच दोन रंगांवर २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि गोधडी म्हटलं तर राग कशाला यावा, गोधडीसारखाच काढ की मग, तोच तुझा प्रकार!

आरेच्या पाड्यांजवळ अजून वाघोबाची ठाणी आहेत, तिथला वाघोबा काही फोटोतून काढलेला नसतो, शेंदूर आणि एक आकृती, तरी कुणाला सांगावं लागत नाही हा कोण ते.

जुना_ब्रश

पोरी, तुझं चूक नाही. पण जनगढसिंहांनी हरीण जन्मापासून बघितलेलं होतं, त्यांची बाहेरची रेघच इतकी बरोबर की आत काय भरलं तरी हरीण हरीणच राहतं. आपल्या मैनेने बिबट्या बघितलाय इन्स्टावर. रेघ पक्की नसेल तर सावलीचा आधार घ्यावा लागतो. आणि त्यांचे ते ठिपके-रेघा प्रत्येक चित्रकाराच्या स्वतःच्या असतात, उचलून आपल्या चित्रात भरायच्या नाहीत.

पाड्यावरची_पोर

उचल नाही म्हणतेय मी. स्वतःचं शोध म्हणतेय. मैनाताई तुमच्या घरी गोधडी आहे ना, धावदोऱ्याचे टाके बघा. बारीक बारीक तुटक रेघा, ओळीने. केस पण अंगावर असेच ओळीने पडतात. ब्रशने तसे टाके घाला बिबट्याला, केस जिकडे वळतात तिकडे टाका वळवायचा. झाली तुमची स्टाईल, कुणाच्या बापाची चोरी नाही.

खाडीकाठ

फ्लेमिंगोवर मी बोलतो, शिवडीला सात वर्षं जातोय. पहिली गोष्ट, आत्ता जुलैत जाऊन चिखल बघून येशील, पक्षी हिवाळ्यात यायला लागतात आणि उन्हाळा संपेपर्यंत असतात. डिसेंबरनंतर कधीही हार्बर लाईनने शिवडीला उतर, पण भरती-ओहोटीचं टायमिंग बघितल्याशिवाय नाही. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब असतात की गुलाबी रेघ दिसते फक्त, भरतीचं पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात. ऐरोलीला वनखात्याची बोट असते, ती पण भरतीच्या हिशोबानेच सुटते. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, हे भाच्याला सांगायला.

आता रंग. लोक गुलाबी ट्यूब उघडतात आणि पूर्ण पक्षी रंगवून मोकळे होतात, मग तो वाढदिवसाच्या केकवरचा दिसतो. खरा बघशील तर मोठा फ्लेमिंगो जवळजवळ पांढराच, त्यावर गुलाबी झाक, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा फ्लेमिंगो जास्त गुलाबी आणि त्याची चोच गडद लाल-काळपट. पंख मिटलेले असतात तेव्हा कळत नाही, उडाला की खाली लालभडक आणि कडेला काळीभोर पिसं, बघून अक्षरशः ओरडायला होतं. आणि पिल्लं राखाडी असतात बरं का, गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळातली आणि बारीक जीवांमधली रंगद्रव्यं अंगात उतरतात. थव्यात एखादं राखाडी काढलंस तर बाकीचे सगळे आपोआप जास्त गुलाबी वाटतील.

हीच ट्रिक मागच्या रंगाला. शिवडीला गुलाबी एवढा का उठतो? कारण मागे चिखल आहे, राखाडी-हिरवट, मेलेला रंग. तू बिबट्याच्या मागे केशरी झाडी लावलीस म्हणजे सगळ्यांनीच डीजे लावला. एकाला लावू दे, बाकीच्यांनी ऐकायचं.

पायाचं एक. मध्ये जो सांधा मागे वळतो तो गुडघा नाही, घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. सगळे जण माणसाचा गुडघा समजून पुढे वळवतात आणि पक्षी खुर्चीवर बसायला निघाल्यासारखा दिसतो.

तांबट_टुकटुक

डीजे 😂😂

बाय द वे, शेकरू मुंबईतला प्राणी नाही हां ताई. राज्यप्राणी आहे आपला, पण बघायला भीमाशंकरला जावं लागेल. यादी मुंबईचीच ठेवायची असेल तर त्याच्या जागी कांदळवनातला कोल्हा काढ, मुंबईत कोल्हे आहेत हे निम्म्या मुंबईला माहीतच नाही.

मालाडची_मैना

कोल्हा! अख्खं आयुष्य इथे गेलं, माहीत नव्हतं. घेते यादीत. काका तुमची पैज तुम्ही जिंकलात, काळा-पांढरा करून बघितला, अख्खा बिबट्या झाडीत गायब. फक्त ते पिवळे ठिपके हवेत तरंगतायत, चंद्रकोरीची साडी वाळत घातल्यासारखे. चहा लागू.

आता खंड्या आणि फुलपाखराचं सांगा कुणीतरी. खंड्याचा निळा मी तीन वेळा केला, तिन्ही वेळा बाथरूमच्या बादलीचा निळा आला.

निळाई

बादली हा शब्द परफेक्ट आहे, मी पण त्यातून गेलेय. खंड्याच्या पिसात निळा रंग नसतोच मुळात. पिसाची आतली रचना अशी असते की उजेड त्यातून विखुरतो आणि निळा तेवढा परत आपल्याकडे येतो. मोराचं पण असंच, प्रकार थोडा वेगळा. म्हणून ट्यूबमधला निळा सपाट फासला की तो मेलेला दिसतो, कारण खऱ्यात तो कोनाप्रमाणे बदलतो.

मी काय करते, आधी त्या जागेवर गडद थर, प्रशियन ब्लूमध्ये थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, जवळजवळ काळपट. पूर्ण वाळू द्यायचा. मग त्यावर मोरपंखी पातळ, ब्रश जवळजवळ कोरडा करून ओढायचा म्हणजे खालचा काळपट फटींमधून दिसत राहतो. मग पाठीच्या मधोमध, जिथे उजेड थेट पडतो तिथे पांढरा मिसळलेला मोरपंखी, दोन-तीन फटकारे, बस. पोस्टर कलरने खालचा थर विरघळून वर येतो, म्हणून खालचा थर अ‍ॅक्रिलिकचा कर, तो वाळला की हलत नाही. आणि आपला नेहमीचा खंड्या फक्त निळा नाहीये, डोकं आणि पोट चॉकलेटी, गळा-छाती पांढरी, चोच लाल. तो चॉकलेटी नीट गरम केलास ना, म्हणजे सिएनाकडे झुकणारा, की निळ्याला शेजारी बसल्या बसल्या भाव येतो.

तुझं काळं-निळं फुलपाखरू म्हणजे नीलवंत, २०१५ पासून राज्याचं फुलपाखरू. तळहाताएवढं असतं. वरून मखमली काळा आणि मागच्या पंखांवर निळी पावडर उडवल्यासारखी, पण पंख मिटून बसलं तर खालच्या बाजूला पंखांच्या मुळाशी लाल डाग दिसतात, ते कुणी काढतच नाही. लिंबाच्या झाडावर अंडी घालतं, सोसायटीत कुणाकडे लिंबू असेल तर लक्ष ठेव.

कागदाचं म्हणशील तर कार्ट्रिज पावसाळ्यात विसर. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड वॉटरकलर पेपर घे, अब्दुल रेहमान स्ट्रीटला सुटा मिळतो, चारी बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर ताणून चिकटव आणि पूर्ण वाळल्याशिवाय टेप काढू नकोस. वाळायला पंख्याखाली आडवा, उभा नाही. तयार चित्र लगेच फ्रेम करू नकोस, आत ओल राहिली तर काचेला बुरशी धरते, माझं एक मोराचं चित्र असंच गेलं, मोराच्या तोंडावर दाढी उगवली. एका फ्रेमवाल्याने तर "मॅडम टेक्स्चर छान आलंय" म्हणून वर पैसे घेतले.

खाडीकाठ

फोटोबद्दल कुणीच बोललं नाही. दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा काढून भिंतीवर लावलास, सरावाला ठीक, पण उद्या कुणी विकत मागितलं किंवा तू ऑनलाईन टाकलंस तर ज्याने सहा तास गाडीत बसून तो फोटो काढला त्याला विचारायला नको? मेसेज करून विचार, बरेच जण हो म्हणतात. नाहीतर चार-पाच फोटो घे, एकाची पोज, दुसऱ्याचा उजेड, तिसऱ्याचे पंजे, आणि पोज स्वतः बदल.

त्याहून बरं म्हणजे रविवारी बाहेर पड. राणीची बाग रविवारी चालू असते, बुधवारी बंद, नॅशनल पार्क सोमवारी बंद. पिंजऱ्यातला प्राणी एकसारखा फिरत असतो, त्यामुळे एका पानावर सहा अर्धवट चित्रं सुरू करायची, तो परत त्याच पोजला आला की त्या चित्रावर परत जायचं. हलणारं जमत नसेल तर फोर्टच्या म्युझियममध्ये, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्राण्यांचा वेगळा विभाग आहे, काचेमागे पेंढा भरलेले, अजिबात हलत नाहीत, पंजा कसा टेकतो ते तासभर बघ. फक्त छोटी वही आणि पेन्सिल ने, रंग नको, आणि दारावर विचारून घे. आणि परत येताना सीएसएमटीच्या दगडांवर बघ, माकडं, मोर, घुबडं, सगळं कोरलंय, जेजे कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम आहे, आपण रोज त्याच्याखालून लोकल पकडायला पळतो.

पाड्यावरची_पोर

आणि कुणी म्हणालं की जांभळा बिबट्या असतो का, तर सांगायचं की जहांगीर बादशाहाकडे १६२१ मध्ये झेब्रा आला तेव्हा लोकांना वाटलं कुणीतरी घोड्याला पट्टे रंगवलेत. बादशाहाने खात्री करून घेतली आणि मग त्याच्या दरबारातल्या चित्रकाराने, उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. खऱ्याचाच भरवसा नाही, तर आपल्या जांभळ्याला कोण विचारतंय. हरणाला तर वाघ केशरी दिसतच नाही, हिरव्या झाडीतच मिसळतो म्हणे, लाल-हिरवा फरक त्यांना कळत नाही. मग कुठला रंग खरा?

मालाडची_मैना

पाच आठवड्यांनी परत आलेय, रिपोर्ट द्यायला.

बिबट्या नवीन केला. काकांची पट्टी भिंतीला चिकटवली, लेमन यलो ते प्रशियन ब्लू. पोट आणि हनुवटी पिवळी, अंग राणी आणि जांभळं, डाग प्रशियन ब्लू, कुशीवर फुलं, पायावर भरीव, टिंब नाही, रेघा नाहीत. मागे चिखलाचा राखाडी, थँक्यू खाडीकाठ. म्युझियममध्ये दोन रविवार घालवले, पंजाचीच अकरा चित्रं आहेत वहीत, त्यातली नऊ ब्रेडसारखी दिसतात. आणि अंगभर धावदोऱ्याचे टाके घातले, डबल झिरोच्या अगदी बारीक ब्रशने, मान अवघडली पण मजा आली. डोळ्यात एकच चमक.

परवा रात्री डायनिंग टेबलवरच ठेवला होता. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, लाईट लावला आणि मला हाक मारली. मला वाटलं आता काय. तर हातात चष्मा, बोट बिबट्याच्या पोटावर, म्हणाल्या, "इथे टाके उलटे घातलेस. पाठीवरून खाली येतायस तर पोटापाशी वळवायला नको का? असं शिवलं तर गोळा येतो." आणि खरंच, खऱ्या फोटोत बघितलं तर पोटापाशी केस मागे वळतात, माझे सरळ खाली आले होते.

मग रात्री साडेबाराला आम्ही दोघींनी पोट उसवलं, म्हणजे ओल्या स्पंजने पुसलं. टाके कुठे वळवायचे ते त्यांनी पेन्सिलने आखून दिलंय. कोल्ह्याचा कागद पण मागून घेतलाय त्यांनी, आधी बघू दे म्हणाल्या.